विभाजन पावणाऱ्या पेशी : किती आणि कोठे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कर्करोगासारखा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. परंतु ज्या घरांच्या आधारावर हे मंडळ पन्नास वर्षे उभे आहे, त्या घरांपैकी फार थोडी अशी असतील की जेथे या रोगाचे नाव दबल्या आवाजात कधीच उच्चारले गेले नाही. त्यातही स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे २३ लक्ष आणि भारतात सुमारे १ लक्ष ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली. हा विषय टाळल्याने टळत नाही. तो समजून घेतल्याने निदान त्याविषयीची आंधळी भीती तरी कमी होते.

आम्ही विकृतिशास्त्राचे अभ्यासक. रुग्णाशी आमची प्रत्यक्ष गाठ क्वचितच पडते. आमच्यापर्यंत येतो तो त्याच्या शरीराचा एक लहानसा तुकडा, आणि आमच्याकडून रुग्णाकडे जातो तो एक कागद. त्या कागदावर ‘ग्रेड २’ किंवा ‘ग्रेड ३’ असे शब्द असतात. घरातील शिकलेसवरलेले माणूस तो कागद उलटसुलट वाचते, आणि पुष्कळदा ग्रेड व स्टेज यांत गल्लत करते. स्टेज म्हणजे रोग शरीरात किती दूरवर पसरला आहे याचे मोजमाप. ग्रेड म्हणजे रोगाच्या पेशी आपल्या मूळ स्वभावापासून किती दूर गेल्या आहेत याचे मोजमाप. या ग्रेडच्या पोटात एक मोजणी दडलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली किती पेशी विभाजन पावताना दिसल्या, ही ती मोजणी. आज आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, पेशी ‘किती’ विभागत आहेत हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच त्या ‘कोठे’ विभागत आहेत हाही महत्त्वाचा आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर पहिल्याचे उत्तरही विश्वासार्ह राहत नाही.

प्रथम पेशीविभाजनाकडे वळू. शरीरातील प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हा सिद्धांत जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आग्रहाने मांडला. एका पेशीच्या दोन पेशी होताना केंद्रकात नेमके काय घडते, याचे बारकाईचे वर्णन वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये केले. सॅलॅमँडर या प्राण्याच्या डिंभांतील मोठ्या पेशी त्यांनी त्यासाठी निवडल्या होत्या. केंद्रकातील द्रव्याचे धागे होतात, ते आखूड व जाड होऊन मध्यभागी ओळीने मांडले जातात आणि मग दोन सारख्या वाटण्या होऊन दोन टोकांकडे ओढले जातात, असे त्यांनी दाखविले. धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या क्रियेला ‘मायटोसिस’ हे नाव दिले. आपल्या शालेय पुस्तकांत तिलाच सूत्री विभाजन म्हणतात.

हे विभाजन साधारण तासाभरात आटोपते. पेशीच्या एका जन्मापासून दुसऱ्या जन्मापर्यंतचा काळ मात्र एक दिवस किंवा त्याहून पुष्कळच अधिक असतो. शस्त्रक्रियेने ऊतक शरीराबाहेर आले आणि रसायनात बुडाले, की त्या क्षणी जी पेशी जशी होती तशीच ती गोठून राहते. म्हणजे आम्ही पाहतो ते एका क्षणाचे चित्र. एखाद्या गावावरून क्षणभर नजर टाकून त्या क्षणी किती मांडवांत अंतरपाट दूर होत आहे ते मोजावे, आणि त्यावरून गावात वर्षाकाठी किती विवाह होतात याचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार आहे. अंदाज बांधता येतो. मात्र आपण गावाच्या कोणत्या आळीवर नजर टाकली, यावर तो फार अवलंबून राहतो.

निरोगी स्तनातही पेशींचे विभाजन चालूच असते. दुग्धनलिकांच्या टोकांशी द्राक्षांच्या घोसासारख्या ज्या लहान खंडिका असतात, तेथे ते प्रामुख्याने घडते. मासिक चक्राच्या उत्तरार्धात ते वाढते आणि पुढे पुन्हा ओसरते. या विभाजनाला जागेची एक विलक्षण शिस्त आहे. मँचेस्टर येथील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखविले की, निरोगी स्तनात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश ग्रहण करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि विभाजन पावणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. एकाच पेशीत ही दोन्ही लक्षणे सहसा एकत्र आढळत नाहीत. पण त्या बहुधा एकमेकींच्या शेजारी असतात. संदेश ऐकणारी पेशी स्वतः विभागत नाही. ती शेजारणीला सूचना देते आणि शेजारीण विभागते, असा या रचनेचा अर्थ लावला जातो. आज्ञा घेणारा एक आणि काम करणारा दुसरा, अशी ही वाटणी. घरात जमाखर्च लिहिणारा आणि तिजोरीची किल्ली बाळगणारा असे दोघे वेगळे ठेवण्यात जे शहाणपण आहे, तेच येथे निसर्गाने बाळगलेले दिसते.

कर्करोगात ही वाटणी मोडते. संदेश घेणारी पेशी स्वतःच विभागू लागते. शेजारणीच्या मध्यस्थीने जो आवर पडत असे, तो नाहीसा होतो. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, विभागणाऱ्या पेशींची केवळ संख्या मोजून हा बिघाड उघडकीस आला नसता. कोणती पेशी कोणाच्या शेजारी आहे हे पाहिले, तेव्हाच तो दिसला.

आता प्रत्यक्ष गाठीकडे येऊ. गाठ म्हटली की ती बाहेरून आतपर्यंत सारखीच असेल, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती सारखी नसते. पेशींना जगण्यास प्राणवायू लागतो, तो रक्तवाहिनीतून झिरपत येतो, आणि मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे तो पोहोचत नाही. वाटेतील पेशीच तो वापरून टाकतात. इंग्लंडमधील टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ऊतकांची मोजमापे घेतली. पेशींच्या दोरखंडासारख्या पुंजक्यांत बाहेरील जिवंत थराची जाडी सुमारे १८० मायक्रोमीटरहून अधिक कधीच नसते, आणि त्याच्या आत मृत गाभा असतो, असे त्यांना आढळले. पुढे १९६८ मध्ये इअन टॅनॉक यांनी उंदरांच्या स्तनग्रंथीच्या कर्करोगात पाहिले की, रक्तवाहिनीलगतच्या पेशी जोमाने विभागतात आणि तिच्यापासून दूर जावे तसतसे विभाजन मंदावत जाते. पाटाच्या कडेचे पीक हिरवेगार आणि पाणी न पोहोचणाऱ्या टोकाचे करपलेले, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

स्त्रीच्या स्तनात याचे एक ठळक उदाहरण मिळते. कर्करोगाच्या पेशी जोवर दुग्धनलिकेतच कोंडलेल्या असतात, तोवर रक्तवाहिन्या नलिकेच्या बाहेरच राहतात. आत एकही नसते. पेशी भराभर वाढून नलिका भरून टाकतात, पण मध्यभागी प्राणवायू पोहोचत नाही. म्हणून उग्र प्रकारांत कडेला विभागणाऱ्या पेशींचे कडे आणि मध्ये मृत पेशींचा गाभा, असे चित्र दिसते. त्या मृत गाभ्यात पुढे चुन्याचे कण साचतात आणि मॅमोग्राफीत ते नलिकेच्या आकारानुसार रेषेने व फांद्या फुटल्यासारखे उमटतात. हाताला गाठ लागण्याच्या आधीच क्ष-किरणचिकित्सकाला जी खूण सापडते, तिचे मूळ पेशी कोठे जगतात आणि कोठे मरतात यातच असते. नलिकेची भिंत भेदून बाहेर पसरलेल्या गाठीतही पुष्कळदा मध्यभाग वणासारखा तंतुमय झालेला असतो आणि विभाजनाचा जोर परिघाकडे, म्हणजे निरोगी ऊतकात शिरणाऱ्या आघाडीवर, अधिक आढळतो.

येथे एक शंका रास्त आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काही ठिकाणी विभागणाऱ्या पेशींचे पुंजके दिसतात हे खरे. पण ते पुंजके खरोखर आहेत, की आपल्या डोळ्यांचा तो खेळ आहे? मनुष्याच्या नजरेला केवळ योगायोगानेही आकृती दिसतात. या बाबतीत दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण बोधप्रद आहे. १९४४ मध्ये जर्मनीचे उडते बाँब लंडनवर पडत असताना, काही भागांवर ते नेम धरून टाकले जात आहेत अशी लोकांची खात्री झाली होती. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञांनी दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटरांचे ५७६ सारखे चौकोन पाडले. त्यांत एकूण ५३७ बाँब पडले होते. निव्वळ योगायोगाने पडले असते तर एकही बाँब न पडलेले चौकोन सुमारे २२७ असावयास हवे होते. प्रत्यक्षात ते २२९ निघाले. एकच बाँब पडलेले सुमारे २११ अपेक्षित होते. तेही २११ च निघाले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टिपणाने हे दाखवून दिले की, योगायोगातही पुंजके असतात. मूठभर तांदूळ जमिनीवर फेकले तर ते सारख्या अंतरावर पडत नाहीत. कोठे चार दाणे एकत्र येतात, कोठे वीतभर जागा रिकामी राहते.

मग ऊतकातील पुंजके खरे आहेत हे कसे ठरवावे? लंडनची चौकोनांची युक्ती येथे जशीच्या तशी चालत नाही. गाठीत सर्वत्र कर्कपेशी नसतात. मध्ये तंतू असतात, मेद असतो, मृत भाग असतो. जेथे वस्तीच नाही, तेथे जन्माची नोंद होणार कशी? म्हणून योग्य प्रश्न असा विचारावा लागतो : सर्व कर्कपेशी आपापल्या जागी तशाच राहू द्याव्यात, आणि ‘विभाजन पावणारी’ ही चिठ्ठी मात्र त्यांच्यात सोडत काढून वाटावी. अशी सोडत शेकडो वेळा काढून पाहावी. प्रत्यक्षातील विभागणाऱ्या पेशी या सोडतींतील पेशींपेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ असतील, तर पुंजका खरा. वनस्पतिशास्त्रज्ञांनी रानातील झाडांसाठी आणि भूगोलवेत्त्यांनी वस्त्यांसाठी अशा रीती विकसित केल्या. ब्रायन रिप्ली यांनी १९७६-७७ च्या सुमारास मांडलेली एक पद्धत विशेष रूढ आहे. तीत प्रत्येक बिंदूभोवती वाढत्या त्रिज्येची वर्तुळे काढून आत किती शेजारी सापडतात ते मोजतात. एखादा पुंजका शेजारच्या दहा पेशींपुरता आहे, की गाठीचा चतुर्थांश भाग व्यापणारा आहे, हे त्यावरून उमगते. पहिल्याचे कारण बहुधा जवळच्या शेजारात शोधावे लागते. दुसऱ्याचे रक्तपुरवठ्यात, किंवा पेशींच्या एखाद्या निराळ्या वंशाने तो भाग व्यापला असण्यात.

आणखी एका मर्यादेचे भान ठेवावे लागते. आमच्या काचपट्टीवरील काप तीन-चार मायक्रोमीटर जाडीचा असतो, पेशीहूनही पातळ. फणसाचा एकच काप हाती घेऊन गरे किती आणि कसे रचले आहेत याचे अनुमान करावे, तसे ते काम आहे. एका कापात दूर दिसणाऱ्या दोन पेशी खालच्या थरात एकाच पुंजक्याच्या असू शकतात.

श्रोतेहो, एवढा वेळ ही चर्चा आपल्याला शास्त्रज्ञांच्या कौतुकाची वाटली असेल. पण आता ती रुग्णाच्या अगदी जवळ येते. स्तनाच्या कर्करोगाची सूक्ष्मदर्शकावरून प्रतवारी करण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिचा पाया इंग्लंडमध्ये १९२८ मध्ये पेटी आणि स्कार्फ यांनी घातला. १९५७ मध्ये ब्लूम आणि रिचर्डसन यांनी चौदाशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून तिला गुणांकनाचे रूप दिले. १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी तिचे निकष काटेकोर केले. तीन गोष्टी पाहावयाच्या : पेशी नलिका घडविण्याची मूळ सवय कितपत टिकवून आहेत, त्यांची केंद्रके किती बेढब झाली आहेत, आणि विभाजने किती आहेत. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, आणि ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३.

समजा, एखाद्या गाठीला नलिकांसाठी ३ आणि केंद्रकांसाठी २ गुण मिळाले. विभाजनांसाठी २ गुण दिले तर बेरीज ७, म्हणजे ग्रेड २. तेच ३ दिले तर बेरीज ८, म्हणजे ग्रेड ३. एका गुणाने ग्रेड बदलतो, आणि ग्रेड बदलला की केमोथेरपी द्यावी की न द्यावी या विचाराचे पारडेही हलू शकते. मोजणी दहा दृश्यक्षेत्रांत करतात. १९९१ च्या मूळ कोष्टकात ०.५९ मिलिमीटर व्यासाच्या दृश्यक्षेत्रासाठी ९ पर्यंत विभाजने आढळल्यास १ गुण, १० ते १९ आढळल्यास २, आणि २० किंवा अधिक आढळल्यास ३ गुण दिलेले आहेत.

ही दहा क्षेत्रे कोठे निवडावयाची? गाठीच्या मध्यभागी निवडली तर आकडा कमी येईल. परिघावरील सर्वांत क्रियाशील जागी निवडली तर अधिक येईल. नियम असा आहे की, जेथे विभाजन सर्वाधिक दिसते त्याच भागात, आणि तो बहुधा परिघावर असतो, मोजणी करावी. कारण रोग्याचे भवितव्य गाठीच्या थकलेल्या गाभ्यापेक्षा तिच्या आघाडीवर अधिक अवलंबून असते. सैन्याचे बळ छावणीत झोपलेल्या शिपायांवरून जोखीत नाहीत. शिवाय दृश्यक्षेत्राचा आकारही पाहावा लागतो. ०.४४ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रापेक्षा ०.६३ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्राचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक भरते. दोन वैद्यांनी दोन सूक्ष्मदर्शकांखाली ‘दहा क्षेत्रे’ मोजली, तरी एकाने दुसऱ्याच्या दुप्पट जमीन पाहिलेली असू शकते. म्हणूनच व्यासानुसार निरनिराळी कोष्टके वापरतात, आणि अलीकडे दर चौरस मिलिमीटरला किती विभाजने, असे सांगण्याकडे कल आहे.

मोजणीची अंगभूत अनिश्चितताही लक्षात घ्यावयास हवी. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात कामाला होते. किण्वाच्या पेशी चौकोनांत मोजताना किती चूक संभवते, याचे गणित त्यांनी १९०७ मध्ये मांडले. पेशी निव्वळ योगायोगाने विखुरलेल्या असतील, तर खरी सरासरी २० असताना मोजणीत साधारण साडेचारांचा इकडेतिकडे फरक सहज पडतो. पेशी पुंजक्यांनी राहत असतील तर हा फरक याहूनही मोठा असतो. कारण पुंजका एकदा क्षेत्रात सापडतो आणि एकदा हुकतो. म्हणजे १८ आणि २२ या दोन आकड्यांत निसर्गाने कोणतीही भिंत उभारलेली नाही. ती कोष्टकाने उभारली आहे. चांगला विकृतिशास्त्रज्ञ हे जाणतो. सीमेवरच्या प्रकरणात तो आणखी काप पाहतो, सहकाऱ्याला दाखवितो आणि मगच सही करतो.

विभाजन ओळखण्यास रंजनाची एक निराळी रीतही आज हाताशी आहे. १९८३ मध्ये योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील कील या शहरी एक प्रतिपिंड शोधले. कील शहराचे नाव आणि काढणीच्या बशीतील ६७ वे घर यांवरून त्याला ‘की-६७’ म्हणतात. विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशींची केंद्रके ते रंगविते. विश्रांत पेशी कोऱ्या राहतात. अंतरपाट दूर होण्याचा क्षण न पाहता, ज्या घरांत लग्नाची तयारी चालू आहे ती सर्व घरे मोजण्यासारखे हे आहे. आकडा मोठा मिळतो, परंतु जागेचा प्रश्न येथेही सुटत नाही. सर्वाधिक रंगलेल्या ठिकाणी मोजावे, की सर्व गाठीची सरासरी काढावी, यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला आहे. या विषयावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२१ मध्ये सांगितले की, संप्रेरकग्राही व हर-२ ऋण अशा लवकर सापडलेल्या रोगात ५ टक्के किंवा कमी, आणि ३० टक्के किंवा अधिक, या दोन टोकांच्या आकड्यांवर केमोथेरपीच्या निर्णयासाठी विसंबता येते. मधल्या आकड्यांवर तितक्या खात्रीने नाही. लिथुआनियातील व्हिल्निअसच्या संशोधकांनी गाठीच्या संपूर्ण चित्रावर मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनांचे जाळे टाकून प्रत्येक घरातील प्रमाण वेगळे मोजण्याची रीत काढली. सरासरी एकच असलेल्या दोन गाठींपैकी एक सर्वत्र सारखी, तर दुसरी थंड व तप्त अशा दोन प्रदेशांत विभागलेली असू शकते, हे त्या जाळ्यातून स्पष्ट दिसते. सरासरीने झाकलेले सत्य नकाशाने उघड होते.

विभाजने शोधण्याचे कंटाळवाणे काम आता संगणकही करू लागला आहे. २०१२ मध्ये झालेल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या संगणकीय जाळ्याने स्तनाच्या कर्करोगाच्या चित्रांतील विभाजने ओळखण्यात पहिला क्रमांक मिळविला. तेव्हापासून या विद्येची मोठी प्रगती झाली आहे. यंत्र थकत नाही, आणि दहाच क्षेत्रे न पाहता सगळी काचपट्टी पाहते. तथापि मरणोन्मुख पेशीचे आकसलेले केंद्रक आणि विभागणाऱ्या पेशीचे केंद्रक यांत गफलत होण्याचा धोका यंत्रालाही आहे, आणि एका प्रयोगशाळेच्या रंगाला सरावलेले यंत्र दुसरीच्या रंगाने गोंधळते. सहीची जबाबदारी अद्याप मनुष्याचीच आहे आणि ती तशीच राहावी, असे आम्हांस वाटते.

या शास्त्राशी आपल्या भाषेच्या माणसांचे नातेही जुने आहे. मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली आणि पुढे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविल्यावर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या शिकून त्यांनी ती मुंबईत रुजविली, आणि उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी व आनुवंशिकतेशी असलेला संबंध तपासला. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. या मंडळातील मुलींना विज्ञान शिकावेसे वाटले, तर त्यांना आदर्श शोधण्यास दूर जावयास नको.

शेवटी, ज्यासाठी हा विषय आम्ही निवडला ते सांगतो. सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम असला आणि गणित कितीही सूक्ष्म असले, तरी काचपट्टीवर जे टिकलेच नाही ते कोणालाही मोजता येत नाही. काढलेली गाठ तासन्‌तास कोरडी किंवा मिठाच्या पाण्यात राहिली, तर ओळखू येण्याजोगी विभाजने कमी होतात आणि रोग आहे त्यापेक्षा सौम्य भासण्याचा धोका उत्पन्न होतो. लहान गावातून मोठ्या शहरात नमुना पाठविताना हे घडू शकते. बरणी नातेवाइकांच्या पिशवीत असते आणि गाडीला उशीर झालेला असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच नम्रपणे विचारावे : नमुना तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडेल ना? फॉर्मॅलिन पुरेसे, म्हणजे नमुन्याच्या दसपट, असेल ना? गाठ मोठी असल्यास आतपर्यंत द्रव पोहोचावा म्हणून तिला छेद दिले जातील ना? प्रयोगशाळेत ती सहा तासांहून कमी आणि बहात्तर तासांहून अधिक काळ द्रवात राहू नये, असाही दंडक आहे. अहवालाबरोबर मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या यांचीही नोंद ठेवावी. दागिन्यांच्या पावतीइतकीच ती जपावी. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागणे हा पहिल्याचा अपमान नव्हे. आणि कागदावरील एका आकड्याने घरातील सर्वांनी हातपाय गाळू नयेत; तो आकडा कोठे मोजला, किती सीमेवर आहे, हे डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

ज्या स्त्रीच्या शरीरातून तो तुकडा आला, तिचा चेहरा आम्हांला दिसत नाही. तिच्यासाठी आम्ही करू शकतो ते एवढेच की, योग्य जागी पाहावे, पुरेसा वेळ पाहावे आणि जे दिसले ते निःशंकपणे लिहावे. त्यासाठी तिच्या घरच्यांनी तो तुकडा आमच्यापर्यंत सुस्थितीत पोहोचू द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. या मंडळाच्या प्रत्येक घरी आजची ही माहिती पोहोचली, आणि त्यामुळे एका जरी नमुन्याची बरणी वेळेवर भरली गेली, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.